तळ कुठल्या पाण्याचा?

मंडळी, टेबलावरच्या तिन्ही होड्या पांगाऱ्याच्या आहेत. लांबी 45 सेंटिमीटर, वजन सारखंच. एकीचा तळ ताटासारखा सपाट, दुसरीचा गोल, तिसरीच्या तळाला मधोमध धार. गोल तळाची पहिल्यांदा पाण्यात सोडली, तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, "ही होडी नाय रे, करवंटी आसा." डुलत होती तशीच.

पण बागेतल्या लांबट टाकीत दोरा बांधून, दोऱ्याचं टोक कप्पीवरून खाली सोडून त्याला एक नट लटकवला, तर हीच करवंटी पुढे! तेवढंच वजन पेलताना तिचं अंग पाण्याला सगळ्यांत कमी लागतं, म्हणून घसट कमी. मग खेळण्यातली मोटर बसवली आणि पारडं फिरलं. सपाट तळाची नाळ उचलून पाण्यावर चढली नि घसरत सुटली. गोल तळाची स्वतःच्याच लाटेत मागचं अंग रुतवून बसली. धारेची चढायला उशीर लावत होती. पण हाताने लाटा उठवल्यावर तीच सरळ गेली, सपाट तळ नुसता थपाथप आपटत राहिला.

इंग्लंडात विल्यम फ्रूड या अभियंत्याने 1867 च्या सुमारास हेच मोठ्या शिस्तीत केलं. त्याचे दोन नमुने: 'रेव्हन' टोकदार, 'स्वान' बोथट. कमी वेगाला रेव्हन सरस, जास्त वेगाला स्वान! 'उत्तम आकार कोणता' हा प्रश्नच त्याने अपुरा ठरवला. लहान-मोठ्याचा हिशेबही त्याचाच: वेग लांबीच्या वर्गमुळाने वाढतो. पाणी कापत जाणारी माझी होडी ताशी 3 किलोमीटरला स्वतःच्या लाटेत अडकते. वीसपट लांब, म्हणजे 9 मीटरची होडी, साडेतेराच्या आसपास.

शिडाच्या बाबतीत मात्र नमुना दगा देतो. मी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावर ओढून घ्यायच्या जाळ्याच्या, होडीच्या नुसत्या अंगाची हुबेहूब विसावा हिस्सा नक्कल केली, शीड लावलं, आणि पहिल्याच झुळकीला ती आडवी. लाकूड वाईट म्हणून सुताराला बोल लावला, तो उगाच. वारा तोच असला तर कलवण्याचा जोर आठ हजारांश होतो, पण सावरण्याची ताकद एक लाख साठ हजारांश! म्हणजे नमुना वीसपट दुबळा. म्हणून हौशी लोक तळाखाली लांब पातं लावून त्याच्या टोकाला शिसं लटकवतात. आपल्याकडे गलबतात तोलासाठी निरम, म्हणजे तळाशी वजन, भरत, त्याचाच हा भाऊबंद.

रापणीच्या होडीला मात्र तसलं पातं चालायचं नाही. ती पुळणीवर ओढायची असते. आणि वल्ह्यांनी जाळं टाकत जायचं, तर अंग अरुंदच हवं. मग तोल? त्यासाठी उलांडी. आडव्या दांड्यांवर बाजूला बांधलेला तो लाकडाचा ओंडका. तळ रुंद केला असता तर सगळी रुंदी पाण्यातून रेटावी लागली असती. इथे फक्त एक ओंडका रेटायचा. होडी त्याच्याकडे कलली तर तो तरंगून अडवतो, उलट कलली तर स्वतःच्या वजनाने खाली ओढतो.

माझ्या आडव्या झालेल्या नमुन्याला मी शेवटी पेन्सिलीएवढी उलांडी बांधली. परात भरलेली आहे. पंखा जरा मोठा करा, आणि पुढच्या रांगेतल्या मुलांनो, इथे या.