कंट्रोलची रोटी



आपल्या वऱ्हाडात रेशनच्या दुकानाला कुणी 'रास्त भाव दुकान' म्हणत नाही. म्हणतात 'कंट्रोल'. कंट्रोलमधून गहू आणला, कंट्रोल आज बंद आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने धान्याच्या भावावर आणि विक्रीवर नियंत्रण आणलं, १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं, तेव्हाच्या काळातला हा शब्द. युद्ध संपून ऐंशी वर्षं झाली, शब्द अजून आपल्या आयांच्या तोंडी आहे. पण कंट्रोल नेमकं कशावर असावं, यावर आपण फारसं बोलत नाही. आज तेवढंच बोलू.

मैदा महागला, पाव महागला की तरुण मुलं हमखास विचारतात, सरकार एकदाचा भाव बांधून का देत नाही? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. भाव बांधणं हे सरकारचं सगळ्यात सोपं काम आहे. एक कागद काढला की झालं. खर्च आणि भाव यांतला फरक कोण भरणार, आणि वजन कोण मोजणार, हे दोन प्रश्न अवघड आहेत. जिथे हे दोन प्रश्न सोडवले नाहीत, तिथे बांधलेला भाव कागदावर राहिला आणि रोटी लहान झाली.

हा विषय मेहकरात घेण्याला कारण आहे. जुन्या इंग्रजी गॅझेटिअरमध्ये मेहकरच्या मोमीन विणकरांची नोंद आहे. एके काळी ते इतके सधन होते की पडलेला गावकूस त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधून काढला. पुढे पेंढाऱ्यांनी गाव लुटलं आणि १८०३ च्या दुष्काळाने उरलंसुरलं संपवलं. विणकर कापड पिकवतो, ज्वारी नाही. त्याला रोटी बाजारातूनच आणावी लागते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या त्यांच्या पुस्तकात हेच दाखवलं, की दुष्काळात धान्य असूनही माणसं मरतात, कारण ते विकत घेण्याची ऐपत संपलेली असते. आपल्या समाजात आजही हातावर पोट असलेलेच जास्त. गॅरेज, वेल्डिंग, हातगाडी, शिलाई, बेकरी. म्हणून रोटीचा भाव हा आपल्यासाठी अर्थशास्त्राच्या पेपरातला प्रश्न नाही.

आता आपल्यात दोन तयार उत्तरं ऐकू येतात. पहिलं धार्मिक: भाव अल्लाहच्या हातात आहे, सरकारने त्यात पडू नये. हे म्हणणारे एका हदीसचा आधार देतात. मदिन्यात भाव चढले, लोकांनी पैगंबरांना (स.) भाव ठरवून द्यायला सांगितलं, आणि त्यांनी नकार दिला. भाव चढवणारा-उतरवणारा अल्लाह आहे, आणि कुणाच्या जिवावर किंवा मालावर अन्याय केल्याचा दावा डोक्यावर घेऊन मला त्याच्यासमोर जायचं नाही, असा त्याचा आशय. हदीस खरी आहे. पण अर्धीच सांगितली जाते. त्याच पैगंबरांनी (स.) साठेबाजी करणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं. बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घातला, वरून कोरडा ढीग आतून ओला निघाला, तेव्हा फसवणारा आमच्यातला नाही, असं बजावलं. कुरआनात तर मापात पाप करणाऱ्यांच्या नावाने एक अख्खी सूरह आहे, अल्-मुतफ्फिफीन. नकार होता तो व्यापाऱ्यावर अन्याय करायला. बाजार मोकाट सोडायला संमती कुठेच नव्हती. चौदाव्या शतकात दमास्कसच्या इब्न तैमिया यांनी 'हिस्बा'वरच्या ग्रंथात हा फरक स्पष्ट केला: टंचाईमुळे भाव वाढले तर सक्ती करणं जुलूम आहे, पण लोकांना गरज असताना विक्रेते माल अडवून बसले तर वाजवी भावाने विकायला लावणं हाच न्याय आहे.

मला त्याहून आवडतो तो बाराव्या शतकातल्या सीरियाचा अश्-शैझरी. त्याने बाजार-निरीक्षकासाठी, म्हणजे मुहतसिबसाठी, एक हस्तपुस्तिका लिहिली. भाव बांधण्याचा अधिकार मुहतसिबला नाही, असं तो सांगतो. आणि मग नानबाईंच्या प्रकरणात काय काय लिहितो पाहा. कणीक पायाने तुडवायची नाही. मळणाऱ्याने तोंडावर फडकं बांधावं, शिंक किंवा थुंकी कणकेत पडू नये म्हणून. कपाळावर पट्टी बांधावी, घाम टपकू नये म्हणून. दिवसा मळत असेल तर शेजारी एक माणूस माश्या हाकायला उभा करावा. आठशे वर्षांपूर्वीचं हे अन्नसुरक्षेचं लिखाण आहे! शुक्रवारी व्यासपीठावरून 'भाव अल्लाहच्या हाती' सांगणाऱ्यांनी कधी तरी हेही सांगावं.

दुसरं उत्तर दांडक्याचं. अलाउद्दीन खिलजीसारखा सुलतान हवा, सगळे सरळ होतील. आपल्या अचलपूरवरून देवगिरीवर चालून गेलेला हाच अलाउद्दीन. दिल्लीच्या तख्तावर आल्यावर त्याने गव्हाचा भाव साडेसात जितल मण असा बांधला. मंडीवर मलिक कबूल नावाचा अधिकारी नेमला, सरकारी कोठारं भरली, हेर ठेवले. इतिहासकार बरनी एक गोष्ट सांगतो. सुलतान कबुतरखान्यातल्या पोरांच्या हातावर थोडे जितल ठेवायचा आणि बाजारात पाठवायचा: तू रोटी आण, तू भाजलेलं मांस आण, तू हलवा आण. लहान पोराला दुकानदार वजनात मारतो, हे त्याला माहीत होतं. आणलेलं वजन केलं जायचं, आणि जेवढं कमी भरेल तेवढं मांस दुकानदाराच्या अंगाचं कापलं जायचं.

ही गोष्ट ऐकून काही जण खूश होतात. मी त्यांना विचारतो, दिल्लीतली ती स्वस्त रोटी कुणाच्या खिशातून आली? दुआबच्या शेतकऱ्याकडून निम्मं पीक साऱ्यात जात होतं, तेही धान्याच्या रूपात. उरलेलं शेताच्या बांधावरच ठरल्या भावाने बंजाऱ्यांना विकायची सक्ती होती. फरक भरत होता तो शेतकरी. आणि १३१६ साली सुलतान मेला, तशी ती सगळी व्यवस्था कोसळली. भीतीवर उभी होती, भीती गेली. तरीही पोराच्या हाती पैसे देऊन वजन तपासायची त्याची युक्ती मला पटते. मांस कापायची सोडून.

आता शेतकऱ्याऐवजी सरकारी तिजोरीने फरक भरायचा ठरवलं तर काय होतं, ते इजिप्तमध्ये दिसतं. तिथे रोटीला 'ऐश' म्हणतात, म्हणजे जगणं. जानेवारी १९७७ मध्ये सादात सरकारने रोटीसह जिनसांची सबसिडी कापली, दोन दिवस देश पेटला आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर रोटीचा भाव उघडपणे वाढवायला सरकारं कचरू लागली. पाच पिआस्त्रला एक रोटी, हा भाव तीसहून जास्त वर्षं टिकला. पण रोटी? तिचं वजन उतरत गेलं. १३० ग्रॅमवरून ११०, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ९० ग्रॅम. शेवटी १ जून २०२४ ला भाव एकदम चौपट, वीस पिआस्त्र झाला. भाव वाढवला की लोक रस्त्यावर येतात, वजन घटवलं की येत नाहीत. हे सरकारांना कळतं, आणि बिस्किटाच्या कंपन्यांना त्याहून चांगलं कळतं.

आपल्या महाराष्ट्रातही हे झालं आहे. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. कल्पना वाईट नव्हती, मोक्याच्या जागांवर केंद्रं दिली गेली. पण एका रुपयात पीठ, बेसन, तेल, जळण आणि मजुरी बसत नाही, हे कोणतीही बाई सांगेल. बऱ्याच केंद्रांवर झुणका-भाकर पाटीपुरती उरली आणि वडे-भजी, चहा जोरात सुरू झाला. १९९९ मध्ये सरकार बदललं आणि पुढे योजनाही बंद झाली. जागा मात्र ज्यांना मिळाल्या त्यांना मिळाल्या.

२६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा या दोन्ही प्रश्नांचं उत्तर निदान कागदावर लिहिलेलं होतं. थाळी दहा रुपयांची. तिचा खर्च शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरला, वरचे ४० किंवा २५ रुपये सरकारचे. आणि वजन? ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. सरकारी आदेशात चपातीचं वजन ग्रॅममध्ये आहे, यावर लोक हसले होते. मला ते त्या आदेशातलं सगळ्यात शहाणं वाक्य वाटतं. कारण ते लिहिलेलं असल्यामुळे ताटातली चपाती काट्यावर ठेवून भांडता येतं. आता चालकांची बिलं थकल्याच्या बातम्या येतात. फरक भरणारा हात आखडला की ती थाळीही झुणका-भाकरीच्या वाटेने जाईल.

पावाकडे येऊ. पावाचा भाव आज सरकार बांधत नाही. पाकिटावरची कमाल किंमत कंपनीच छापते. एके काळी सरकार स्वतः ब्रेड करत होतं: १९६५ साली स्थापन झालेली मॉडर्न बेकरीज. जानेवारी २००० मध्ये तिचे ७४ टक्के शेअर हिंदुस्थान लिव्हरला विकले, आज ती मेक्सिकोच्या ग्रुपो बिम्बोकडे आहे. ब्रेड हा लघुउद्योगासाठी राखीव होता, ते आरक्षण एप्रिल २०१५ मध्ये उठलं. लोणची, काचेच्या बांगड्या, कुलुपं, अगरबत्ती हेही त्याच यादीत होतं. यादी नीट वाचली तर आपल्या मोहल्ल्यांचे धंदे ओळखू येतात. त्यावर आपल्याकडे एक सभा झाल्याचं मला आठवत नाही.

म्हणजे गल्लीतल्या भट्टीवाल्याला आता थेट मोठ्या प्लांटशी टक्कर द्यायची आहे. त्यात ९ जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. मी या आदेशाच्या विरोधात नाही. भट्टीचा धूर आधी भट्टीवर काम करणाऱ्या पोराच्याच छातीत जातो. पण नवी भट्टी फुकट येत नाही. छोट्या बेकरीला स्वस्त कर्ज द्या, मुदत द्या, अशी मागणी संघटित होऊन करायला हवी. 'आपल्याच लोकांना मुद्दाम त्रास' असं म्हणून घरी बसलो तर काहीच मिळणार नाही. मुंबईत आज आहे ते उद्या जिल्ह्याच्या गावांतही येईल.

वजनाचं म्हणाल तर पाकिटातला ब्रेड १०० ग्रॅमच्या पटीतच असावा, असा नियम होता. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक वजनांची ती यादी काढून टाकली आणि त्याऐवजी एकक विक्री किंमत, म्हणजे ग्रॅममागे किती पैसे, हे छापणं आणलं. वाचायची सवय लावा. ४०० ग्रॅमचं पाकीट ४० रुपयांना असेल तर ग्रॅमला दहा पैसे. उद्या किंमत तीच ठेवून ३६० ग्रॅम भरले तर ग्रॅमला अकरा पैसे. न बोलता झालेली दरवाढ. सुट्या लादी पावावर असं काही छापलेलं नसतं. आपल्या बेकरीवाल्यांनी लादीचं वजन स्वतःहून पाटीवर लिहावं, अशी माझी विनंती आहे. मैदा महागला तर भाव वाढवा, लोक कुरकुर करतील आणि घेतील. पाव हलका करू नका.

आणि आता आपल्या बुलडाणा जिल्ह्याचं, कारण खरा घोळ इथे आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे निवडलेल्या १४ जिल्ह्यांत आपण आहोत. २०१५ पासून इथल्या केशरी कार्डवरच्या शेतकरी कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळत होतं, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो. जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी १५० रुपये खात्यात टाकायचं ठरलं, २०२४ मध्ये त्याचे १७० झाले. पैसे हातात येतात, बाई तिला हवं ते घेईल, हा मुद्दा मी हलका समजत नाही. पण हिशेब करा. १७० भागिले ५, म्हणजे किलोला ३४ रुपये. बाजार ३४ च्या वर गेला की वरचा प्रत्येक रुपया त्या घराचा. आधी भाव वाढला तर सरकारला झळ बसायची, आता घराला बसते. भाव बांधला गेला तो सरकारसाठी, रोटीसाठी नाही. आणि जे शेतकरी नाहीत, पण कार्ड केशरी आहे, त्या रिक्षावाल्याचं, शिलाईवाल्या बाईचं काय? ते तर या यादीत कधी नव्हतेच.

प्राधान्य कार्डवाल्यांना २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो आणि अंत्योदयला घरटी ३५ किलो धान्य मिळतं, १ जानेवारी २०२३ पासून फुकट. भाव शून्य. भाव शून्य असला की फसवायला एकच जागा उरते: काटा. कायद्यात प्रत्येक दुकानापर्यंत दक्षता समित्या आहेत, सामाजिक लेखापरीक्षण आहे, नोंदी जनतेसाठी खुल्या ठेवायची तरतूद आहे. आपल्या वॉर्डाच्या समितीत कोण आहे, हे इथे बसलेल्यांपैकी किती जणांना माहीत आहे? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

तर काम असं. तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन समितीच्या सदस्यांची यादी आणि शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त मागा, नाही दिलं तर माहिती अधिकारात अर्ज करा. अंगठा लावल्यावर मशीनमधून पावती निघते, ती मागून घ्या. घरी आल्यावर धान्य किराणावाल्याच्या काट्यावर एकदा तोला आणि पावतीच्या मागे वजन लिहून ठेवा. मुलींनी हे काम जास्त चांगलं होईल, कारण रांगेत त्यांच्या आयाच असतात. दोन महिन्यांच्या पावत्या घेऊन पुढच्या बैठकीला या. वजन कमी भरलं असेल तर तक्रारीचा अर्ज इथेच बसून लिहू, मराठीत, आणि त्याची पोच घेऊनच परत येऊ.