भरपाईच्या पैशात वकिलाचा हिस्सा नाही
(पाड्यावरच्या बैठकीत केलेले भाषण)



प्लॉटच्या दाव्यांवर नंतर बोलू. आधी भरपाईचं. दिवाळी झाली की आपली निम्मी माणसं खदानीवर, वीटभट्टीवर जातील. जमीन नावावर असती तर कशाला गेलो असतो? पण जातो, आणि तिथे माणूस मरतो.

आपल्यातल्याच एका बाईचा नवरा खदानीत दरडीखाली गेला. वय तीस, पगार महिना 1200. तेव्हाच्या कामगार भरपाई कायदा 1923 मधला हिशोब असा होता: पगाराचा अर्धा, म्हणजे 600, गुणिले वयाचा आकडा. तिशीला तो 207.98 होता. झाले 1,24,788 रुपये. खदान मालकाने ते आयुक्तांकडे भरले. आता वकील म्हणतो, तिसरा हिस्सा माझा, 41,596. नाहीतर कागद देत नाही. त्याने पहिल्याच दिवशी कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन ठेवला होता. बाई म्हणाली, “दोन पोरं न मी, तीन तोंडं. एक वाटा त्याला दिला तर कोणाला उपाशी ठेवू?”

आम्ही कायदा वाचून काढला. त्या 1923 च्या कायद्याचं कलम 9 सांगत होतं की ही भरपाई दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, तिच्यावर बोजा चढत नाही, जप्ती येत नाही, कुणाचं येणं तिच्यातून वळतं करता येत नाही. सावकाराचं नाही, तसंच वकिलाचंही नाही. निकालाच्या पैशात वाटा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच बंदी आहे. आणि फी राहिली म्हणून पक्षकाराचे कागद वकिलाला अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली सांगितलं आहे.

वकिलाची मेहनत बुडवा असं आमचं म्हणणं नाही. ठरलेली फी द्यायचीच. पण ती रुपयांत ठरवा, कागदावर लिहा, पावती घ्या. त्याला वाटलं कमी मिळाली, तर त्याने दिवाणी कोर्टात दावा लावावा, तो हक्क त्याला आहे. आयुक्तांकडे पडलेल्या पैशाला मात्र हात लावू नये. अर्जाचा खर्च मालकाने द्यावा असा हुकूम आयुक्त करू शकतात. म्हणून तो अर्जातच मागा. मागत कोणी नाही, म्हणून मिळत नाही.

खरं तर आदिवासीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जमातीच्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे अर्ज द्यायचा. तिथला कारकून ‘उद्या या’ म्हणेल, तर चौघंजण मिळून जा. नोंदलेल्या युनियनचा पदाधिकारीही आपल्या लेखी अधिकारावर आयुक्तांपुढे उभा राहू शकतो.

अजून एक. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच भरायची असते. मुकादम घरी दहा-वीस हजार आणून ‘मिटलं’ म्हणाला तर ते मिटत नाही. ठेकेदार पळाला तरी ज्याचं काम चालू होतं तो मूळ मालक देणं लागतो. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा.

ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा कागद आणि हजेरीची चिठ्ठी घेऊन बाजाराच्या दिवशी कचेरीत यावं. चिठ्ठी नसली तर बरोबर काम केलेले दोघे आणा. कोऱ्या कागदावर अंगठा दिला असेल तर तेही सांगा, लाजू नका.

आता प्लॉटच्या दाव्यांचं घेऊ.