पाणलोटाच्या कामावर आलेली माणसे आणि आपण

[वर्षावासाच्या दिवसांत एका बुद्धविहारात केलेले भाषण]



आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतलेली आहे. तेव्हा विहारातील सभेत वक्त्याने धम्माविषयी बोलावे ही आपली अपेक्षा रास्त आहे. परंतु त्या कामाला येथे पूज्य भन्तेजी बसले आहेत, आणि मी पडलो वकील. मी आज बोलणार आहे तो डोंगरउतारावर चर खणवून घेणाऱ्या माणसांविषयी. विषय ऐकून कोणी हसेल, म्हणून आधी एक आठवण करून देतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धम्मग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची म्हातारा, रोगी आणि प्रेत ही जुनी कथा स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला. सिद्धार्थाने संघात उभे राहून युद्धाला विरोध केला. दोन्हीकडचे दोन-दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांकडे वाद सोपवावा असे सुचविले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले, आणि त्याने परिव्रज्या पत्करली. म्हणजे पाण्याचा वाटा हा प्रश्न आपल्या धम्माच्या उंबरठ्यावरच उभा आहे.

आज महाराष्ट्रातील अवर्षणाच्या तालुक्यांतून पाणलोटाचे काम करणाऱ्या लहानमोठ्या सेवाभावी संस्था आहेत. त्यांची माणसे कोण असतात आणि काय करतात हे आपण नीट पाहिलेले नाही. १९९५ साली केंद्र सरकारने या कामाची जी मार्गदर्शक सूत्रे लागू केली, त्यांत सुमारे ५०० हेक्टरांचे एक क्षेत्र धरावे आणि संस्थेच्या पथकात वनस्पती, पशू, अभियांत्रिकी व समाजशास्त्र या शाखांची चार माणसे असावीत असे ठरले. कागदावरचे पथक असे. गावात आपणांस भेटतो तो मोटारसायकलीवर तिपाई बांधून आलेला एखादा तरुण. तो दुर्बिणीने समपातळी शोधतो, चुन्याची फक्की टाकून रेघ आखतो, आणि त्या रेघेवर चर खणला जातो. उतारावरून धावणारे पावसाचे पाणी त्या चरात थांबते, मुरते, आणि काही काळाने खालच्या विहिरीत दिसू लागते. हे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे लागते. आधी खाली बांध घातला तर वरची माती वाहून येऊन तो भरून जातो. त्या तरुणाचा पगार प्रकल्पाच्या मुदतीपुरता असतो, आणि ठरलेल्या वेळात ठरलेले हेक्टर पुरे झाले नाहीत तर त्याला जाब द्यावा लागतो. म्हणून तो प्रथम ज्यांचा शब्द गावात चालतो त्यांच्या ओट्यावर जातो. त्यात त्याची दुष्टबुद्धी असतेच असे नाही. पण तो आपल्या वस्तीत शेवटी येतो, हे खरे.

आता कायद्याची एक गोष्ट सांगतो, ती लक्ष देऊन ऐका. चवदार तळे हे सार्वजनिक तळे होते. १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव केला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले, तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तेथे जाऊन पाणी प्यावे लागले, आणि त्यावर उच्च न्यायालयाचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. पुढे राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने सरकारी पैशाने राखलेल्या अगर सर्वांसाठी असलेल्या विहिरी-तळ्यांवरील मज्जाव कायमचा उठविला. तो लढा पाण्याला हात लावण्याचा होता. परंतु चरातून मुरलेले पाणी कोणत्याही तळ्यात नसते. ते जमिनीच्या पोटात असते, आणि १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा असे मानतो की, ठरलेल्या प्रवाहात न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत काढून वापरण्याचा हक्क त्या जमिनीच्या मालकाचा आहे. २००९ च्या भूजल कायद्याने खोल विहिरींवर निर्बंधाची तरतूद केली, तरी हे मूळ हलले नाही. याचा अर्थ असा की, चर खणला सरकारी पैशाने, गायरानावर. कुदळ मारली तुम्ही. आणि पाणी चढले ते ज्याची विहीर आहे त्याच्या नावावर. येथे कोणी तुमचा हात धरीत नाही, कोणी शिवाशीव करीत नाही, कोणत्याही फौजदारी कलमाखाली गुन्हा घडत नाही. तरी वाटा शून्य.

यावर उपाय नाही असे मात्र समजू नका. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे एक अभियंते व कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले आणि नायगाव येथे माळावर कामाला लागले. १९७४ साली त्यांनी ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन केले. ‘पाणी पंचायत’ म्हणून ते काम ओळखले जाते. त्यांनी पाणी जमिनीपासून सोडविले. पाणी एकराच्या हिशेबाने न देता माणशी द्यावयाचे: दर माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. ऊस लावावयाचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जावयाचा नाही. आणि ज्याच्याजवळ जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. साळुंखे काही आपल्या चळवळीतले नव्हते. पण भूमिहीनाचा पाण्यावरील हक्क त्यांनी नियमात लिहिला, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. हे नियम कोणत्याही कायद्याने त्यांच्यावर लादलेले नव्हते. गटाने ठरविले, म्हणून झाले. तेव्हा चर खणण्यापूर्वी, संस्थेला गावाची गरज असते त्या वेळी, हा प्रश्न विचारला पाहिजे. काम संपले, मोटारसायकल दुसऱ्या तालुक्यात गेली, म्हणजे विचारून उपयोग नाही.

विचारावयाचे कोठे? समितीत. २००८ च्या सामाईक मार्गदर्शक सूत्रांनी पाणलोट समितीत किमान दहा सभासद असावेत, त्यांतील निम्मे बचतगट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि भूमिहीन यांचे प्रतिनिधी असावेत, आणि समिती ग्रामसभेने नेमावी असे सांगितले. ‘तुम्ही बौद्ध झालात, आता ती जागा तुमची कशी?’ असे कोणी म्हणाले तर त्याला नम्रपणे सांगा की १९९० च्या दुरुस्ती कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान दिलेले आहे. धर्म बदलला म्हणून ती खुर्ची रिकामी होत नाही.

खुर्चीवर बसणे मात्र वेगळे. काही वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेतील एक मुलगी, गावोगाव लोकांना संघटित करण्याच्या कामावर असलेली, माझ्याकडे कागद घेऊन आली. समितीच्या यादीत बौद्धवाड्यातील एका बाईंचे नाव होते, प्रत्येक इतिवृत्ताखाली त्यांचा अंगठाही होता. पण बाई एकाही बैठकीला गेलेल्या नव्हत्या. बैठका भरत देवळाच्या सभामंडपात. दीक्षा घेतल्यापासून बाईंनी देवळाची पायरी सोडलेली, आणि दीक्षेपूर्वी ती पायरी त्यांना कोणी चढू देत नव्हते हा भाग निराळाच. वही घरी येई, अंगठा उमटे, वही परत जाई. मी लगेच नोटिशीचा मसुदा करावयास घेतला. ती म्हणाली, “वकीलसाहेब, नोटीस गेली की काम बंद पडेल, आणि मजुरी वाड्याचीच बुडेल. मी आधी बैठकीची जागा बदलून बघते.” तिने पुढची बैठक शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. नकाशा टांगावयाला भिंत हवी, एवढेच कारण दिले. बाई आल्या. पहिल्या बैठकीत बोलल्या नाहीत. दुसऱ्या बैठकीत त्यांनी मजुरीचा हजेरीपट मोठ्याने वाचावयास सांगितला.

मला तिचा मार्ग सर्वस्वी पटला असे नाही, कारण ती जुनी खोटी इतिवृत्ते अजून दप्तरात तशीच आहेत. पण माझी नोटीस मी फाडली. तुम्हीदेखील देवळात बैठक आहे म्हणून घरी बसू नका. जागा बदला अशी लेखी मागणी करा. श्रमदानाच्या प्रारंभी नारळ फुटतो, कुदळीला हळदकुंकू लागते. तेवढा वेळ बाजूला उभे राहा आणि नंतर आपली कुदळ उचला. त्यात बावीस प्रतिज्ञांना कोठेही बाध येत नाही.

शेवटी गायरान. चर बहुधा तेथेच प्रथम पडतात आणि चराईबंदीही तेथेच लागू होते. ज्यांच्याकडे दोन शेळ्यांखेरीज काही नाही त्यांनी, सर्व डोंगर एकदम बंद न करता भागाभागाने बंद करा आणि कापलेल्या गवतात आमचा वाटा लिहा, असे आधीच मागावे. ज्यांची गायरानावर जुनी वहिवाट आहे त्यांनी तर अधिक सावध असावे. १९९१ च्या शासननिर्णयाने दलित-आदिवासी भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गायराने मोकळी करण्याचा आदेश दिला, त्यातही अशा भूमिहीनांसाठी अपवादाला जागा ठेवली. पण हक्क सांगावयाचा तो कागदावर. आखणीच्या दिवशी त्या तिपाईवाल्या तरुणाला आपला तुकडा पायी चालून दाखवा. त्याच्या नकाशावर तो पडीक म्हणून रंगविला गेला, तर उद्या तोच नकाशा तुमच्याविरुद्ध पुरावा होईल. तो तरुण बहुधा ऐकतो. त्याला कोणी दाखविलेलेच नसते.

तलाठ्याकडे गाव नमुना १-ई असतो, त्यात अतिक्रमणांची नोंद असते. तिची नक्कल मागण्याच्या अर्जाचा मसुदा आणि बैठकीची जागा बदलण्याच्या मागणीचा मसुदा मी सोबत आणला आहे. मी दिवेलागणीपर्यंत येथेच आहे; ज्यांच्याजवळ जुन्या दंडाच्या पावत्या आहेत त्यांनी त्या घरून घेऊन याव्यात, आपण एकेक पाहू.

जयभीम.