कपडे किती नको, नग किती ते सांग

आज पाचोऱ्याला घरीच आहे, गच्चीवरून बोलतोय. मध्येच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर चालवून घ्या.

मागच्या वर्षी कपडे विकणाऱ्या एका स्पॅनिश ॲपचं काम माझ्याकडे होतं. बास्केटवर मी टाकलं 'त्रेस रोपास', म्हणजे तीन कपडे. 'रोपा' म्हणजे कपडे, मग झालं की! टेस्टिंगमधूनच परत आलं. शेरा होता : 'रोपा' असं मोजत नाहीत.

डोकं धरून बसलो होतो. शेजारी आईचं काज-बटन चाललेलं. टेलरकडून शर्ट येतात, नगावर पैसे मिळतात. ती फोनवर टेलरच्या पोराला म्हणाली, "कपडे कपडे काय करतो रे, नग किती ते सांग." ट्यूब पेटली! 'रोपा' म्हणजे सगळा ढीग, 'कपडे धुवायचेत' मधला. मोजायचं तर 'प्रेंदा', म्हणजे नग. न शिवलेलं कापड ते 'तेला'. 'वेस्तिदो' मात्र फसवतो, दुकानात तो फक्त बायकांचा ड्रेस.

पुढे अजून गोंधळ. 'कमिसा' शर्ट, 'कमिसेता' टी-शर्ट, 'कमिसोन' नाइटी. सगळे आपल्या कमीजचे लांबचे नातेवाईक. त्यात टी-शर्ट मेक्सिकोत 'प्लायेरा', अर्जेंटिनात 'रेमेरा', चिलीत 'पोलेरा'. आणि अर्जेंटिनात 'पोलेरा' मागितलात तर उंच गळ्याचा स्वेटर हातात येईल. हसू नका भो, आपल्याकडेही आजीचं पोलकं, मावशीचं झंपर आणि ताईचा ब्लाउज आहेच की.

हे शोधताना 'काज' सापडलं. मूळ पोर्तुगीज 'काझा', म्हणजे घर. 1510 साली ते गोव्यात आले, 1534 साली वसई घेतली, आणि त्यांचे बरेच शब्द आपल्याकडे राहिले, त्यातलाच हा. बटणाच्या भोकालाही ते घरच म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'कासा' म्हणजे नुसतं घर, काजाला 'ओहाल', 'ओहो' म्हणजे डोळा, त्यावरून.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "घरच आहे ते. तुझी बीटेकची फी त्याच्यातूनच निघाली."

हे मला माहीत होतं, तरी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी विचारलं, एकूण किती काजं केली असशील गं?

"कोण मोजत बसलंय," ती म्हणाली. "सुईत दोरा ओवून दे आधी, मला दिसत नाही आता."