वनविहारातील आघाडा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आयुष्यभर फायलींवर शेरे मारणाऱ्या माणसाने रानफुलांवर बोलावे, हे आपणांस काहीसे चमत्कारिक वाटेल. मलाही वाटते. मी इतिहास घेऊन बी.ए. झालो, वनस्पतिशास्त्राशी माझा परिचय नाही. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते शास्त्र नव्हे, पायी फिरून जमविलेली माहिती आहे, आणि तीतली बरीचशी माझी नसून माझ्या आईची आहे.

भोपाळचा मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधला, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. २००२ साली तो लहान तलावासह आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. त्याच्या दक्षिण काठावरच्या वनविहारात मात्र आपण जातो ते वाघ पाहण्यासाठी. वाघ बहुधा झोपलेला असतो, मुले कंटाळतात आणि आपण बोट क्लबावर भुट्टा खाऊन घरी परततो. १९८३ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या साडेचारशे हेक्टरांच्या टेकडीवर त्यापूर्वी दगडाच्या खाणी चालत असत, हे सांगूनही खरे वाटत नाही. सुरुंग थांबले, चराई थांबली आणि गवत परत आले. गवतामागोमाग त्याचे सारे गणगोत आले.

मी १९९८ साली बदली होऊन येथे आलो. वडील गेल्यानंतर, २००१ मध्ये, आई आमच्याकडे राहावयास आली. तिचे सारे आयुष्य सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात गेलेले. हिंदी येत नाही, शेजारी कोणी मराठी नाही, सरकारी निवासस्थानाच्या तिसऱ्या मजल्यावर दिवसभर करायचे काय? ती बोलेनाशी झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितले, म्हणून मी तिला रविवारी पहाटे वनविहारात नेऊ लागलो. रामू दरवाजा ते चिकू दरवाजा हा सुमारे पाच किलोमीटरांचा रस्ता. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला टेकडी. आम्ही अर्ध्यावरून परतत असू.

पहिल्याच श्रावणात घोटाळा झाला. जिवतीला आघाड्याची माळ हवी होती, आणि भाजीबाजारात ‘आघाडा’ हा शब्दच कोणाला कळेना. त्या रविवारी रस्त्याच्या कडेला आईला आघाडा दिसला, आणि मी काही म्हणण्यापूर्वीच तिने चार तुरे खुडले. वनरक्षक धावत आला. उद्यानात काडीही तोडता येत नाही, हा नियम त्याने शांतपणे सांगितला. मी केंद्र सरकारचा अधिकारी. मान खाली घालून उभा. आई मला विचारते, “आघाडा तोडायला सरकारची परवानगी लागते काय रे?” तिचा उतरलेला चेहरा पाहून तो रक्षक म्हणाला, “अम्माजी, यह तो चिरचिटा है. बाहर बहुत मिलेगा.” आणि खरेच, दरवाजाबाहेर भदभद्याच्या रस्त्याला तो कमरेएवढा माजला होता.

चिरचिटा! आईला त्या शब्दाची फार गंमत वाटली. आठवडाभर ती तो घोळवीत होती. पुढच्या रविवारी तिने त्या रक्षकाला दुसऱ्या झाडाकडे बोट दाखविले, नाव विचारले आणि आपले नाव सांगितले. टाकळा म्हणजे पंवाड. बहावा म्हणजे अमलतास. माका म्हणजे भृंगराज, तो पाणी ओसरलेल्या चिखलात सापडला. पळस दोघांनाही एकच, म्हणून तो तिला जरा कमी आवडला! मी एका वहीत दोन रकाने आखून नावे लिहू लागलो. सात-आठ महिन्यांत ती त्या रक्षकाशी कामापुरते हिंदी बोलू लागली. माझ्याशीही पुन्हा बोलू लागली.

गाजर गवत पाहून तिने विचारले, “हे कुठले?” १९५० च्या दशकात ते प्रथम पुण्यात दिसून आले आणि तेथून देशभर पसरले, असे मी कुठेसे वाचले होते. “म्हणजे आपल्याकडूनच आले,” ती म्हणाली, आणि ओशाळून इकडेतिकडे पाहू लागली.

वहीत त्रेचाळीस नावे झाली. आई २०१२ च्या वैशाखात गेली. तिच्या हयातीतली शेवटची नोंद अशी: ‘बारीक निळे फूल. जमिनीसरपट. दगडाच्या फटीत. सकाळी उमलते, दुपारी मिटते.’ डावा रकाना रिकामा आहे. आई म्हणाली होती, “हे आपल्या माळावर आहे. नाव ओठांवर आहे, उद्या सांगते.” पुढे मी पुस्तके चाळली. त्यांत विष्णुक्रांता हे नाव मिळते आणि वर्णनही जुळते. परंतु आईला आठवत होते ते हे भारदस्त नाव नव्हे, हे मी खात्रीने सांगतो. तिच्या माळावरचा शब्द काही वेगळा होता, आणि तो माझ्या घरात आता कोणाला ठाऊक नाही. माझ्या मुलीला तर आघाडाही चिरचिटा म्हणूनच ठाऊक आहे. तिचा दोष नाही. तिला तो दाखविला त्या रक्षकाने.

मंडळात माणदेशाच्या, खटावच्या, सांगोल्याच्या बाजूच्या वडीलधाऱ्या भगिनी आहेत, म्हणून मी ही वही आज बरोबर आणली आहे. पाऊस झाल्यावर ते फूल चढणीच्या डाव्या बाजूस दिसते. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता मी रामू दरवाजापाशी उभा असेन. ज्यांना यावयाचे त्यांनी दुपारपूर्वी परतण्याच्या बेताने यावे, कारण नंतर फूल मिटते. मुलांनाही आणावे. खुडू मात्र देऊ नये; तो वनरक्षक निवृत्त झाला असला, तरी नियम तोच आहे.