कोबाल्टचे पोते आणि न खोडता येणारी वही
(वर्धापनदिनाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



समितीने मला विषय दिला आहे, 'ब्लॉकचेन आणि खनिजांचा नैतिक व्यापार'. नाव ऐकूनच मागच्या रांगेतल्या मावश्या उठून जातील की काय, अशी मला धास्ती आहे. पण मावशी, हा विषय तुमच्या हातातल्या मोबाइलचा आहे. त्याच्या बॅटरीत बहुधा कोबाल्ट नावाचा धातू असतो, आणि अलीकडच्या वर्षांत जगातल्या खाणींमधून निघणारा सुमारे 70 टक्के कोबाल्ट एकट्या काँगो या आफ्रिकेतल्या देशातून येतो.

त्या देशाच्या दक्षिणेला कोलवेझी नावाचे शहर आहे. तिथे मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालणाऱ्या खाणी आहेत. त्यांच्या शेजारी, कधी त्यांच्याच कुंपणाच्या आत शिरून, हजारो माणसे पहार-फावडे घेऊन हाताने खड्डे खणतात. खड्ड्याला ना धड टेकू, ना आत हवा. बायका-पोरे दगड निवडतात, धुतात. 2014 साली युनिसेफचा अंदाज होता की, त्या दक्षिण भागातल्या खाणींवर सुमारे 40,000 मुले राबतात. पुढे 2016 मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि तिथल्याच आफ्रेवॉच या संस्थेने अहवाल काढून नामांकित कंपन्यांना विचारले, की बाबांनो, तुमच्या बॅटरीतला कोबाल्ट कुठून आला? अनेकांना धड उत्तर देता आले नाही.

का देता आले नाही? खणणारा आपले पोते रस्त्याकडेच्या व्यापाऱ्याला विकतो. व्यापारी दहा जणांचा माल एकत्र ओततो. तो शुद्धीकरणाच्या कारखान्यात जातो, आणि हे कारखाने बहुतांशी चीनमध्ये आहेत. एकदा शुद्ध झालेला कोबाल्ट पोराने वेचला की यंत्राने काढला, हे त्याच्याकडे बघून कोणी सांगू शकत नाही.

इथे ब्लॉकचेन येते. ती म्हणजे एक खातेवही. फरक एवढाच की, ही वही एका शेठजीच्या गल्ल्यात नसते. व्यवहारातल्या सगळ्यांकडे तिची सारखीच प्रत असते. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा एक सांकेतिक ठसा असतो. मागचे एक अक्षर बदलले की पुढचे ठसे जुळत नाहीत आणि लबाडी उघडी पडते. 2019 च्या सुरुवातीला आयबीएम, फोर्ड, एलजी केम आणि हुआयू या कंपन्यांनी अशी वही कोबाल्टसाठी करून पाहिली. काँगोतल्या खाणीपासून दक्षिण कोरियातल्या बॅटरी कारखान्यामार्गे अमेरिकेपर्यंतचा प्रवास तिच्यात नोंदवला. त्याच वर्षी व्होल्वोनेही आपल्या मोटारींच्या कोबाल्टसाठी हा मार्ग धरला.

चांगली गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण आयबीएमच्या चाचणीतला माल कुठला धरला होता? यांत्रिक खाणीतला. म्हणजे ज्या खड्ड्यासाठी एवढा गाजावाजा, तो खड्डा त्या वहीच्या पहिल्या पानावर नव्हताच.

दुसरे असे की, वही खोडता येत नाही हे खरे. पण पहिली नोंद करणारा माणूसच असतो. आपल्याकडे सातबारा संगणकावर आला. म्हणून काय तलाठ्याने केलेली चुकीची नोंद आपोआप खरी झाली? खोटी नोंद ब्लॉकचेनमध्ये गेली, तर ती खोटीच राहील, वर पक्की होईल ती वेगळीच. हा काही माझा कल्पनाविलास नव्हे. पूर्व काँगो आणि रवांडात कथील, टँटलम वगैरे खनिजांच्या पोत्यांना क्रमांकाचे बिल्ले बांधायची 'इट्स्की' ही योजना 2010 नंतर सुरू झाली. 2022 मध्ये ग्लोबल विटनेस या संस्थेने आरोप केला की, भलत्याच खाणींतला आणि चोरटा मालही त्याच बिल्ल्यांखाली खपवला जातो. योजनेच्या चालकांनी तो नाकारला. वाद काही असो, बिल्ला कोणाच्या हातात आहे यावर सगळे अवलंबून आहे, एवढे तर दिसलेच.

आणि खरी मेख पुढेच आहे. कंपनीला वही स्वच्छ ठेवायची असेल, तर सगळ्यात सोपा उपाय कोणता? हाताने खणणाऱ्याचा माल घ्यायचाच नाही! जून 2019 मध्ये कोलवेझीजवळ एका मोठ्या कंपनीच्या हद्दीत दरड कोसळून 40च्या आसपास खणणारे गाडले गेले. त्यानंतर त्यांना हटवायला सैन्य आले. पण हटवलेला माणूस घरी जाऊन खाणार काय? तो दुसरीकडे, याहून वाईट खड्ड्यात उतरतो आणि त्याचे पोते आणखी कमी भावाने जाते.

दुसरा मार्गही करून पाहिलेला आहे. मुतोशी या ठिकाणी 2018 पासून चेमाफ, ट्राफिगुरा आणि पॅक्ट यांनी मिळून कुंपण घातले, खणणाऱ्यांची नोंदणी केली, यंत्राने वरची माती काढून दिली, लहान मुलांना प्रवेश बंद केला. बायकांनाही तिथे काम मिळाले. 2020 मध्ये कोरोना आला आणि ते काम थांबले. मला विचाराल तर वहीवर जेवढा पैसा खर्च होतो, तेवढा असल्या कुंपणावर आणि टेकूंवर झाला पाहिजे.

वही करायचीच असेल, तर तिच्यात एक रकाना खणणाऱ्याचा ठेवा, असे माझे सांगणे आहे. कोलवेझीच्या बाजारात वजनकाटा व्यापाऱ्याचा आणि दगडात कोबाल्ट किती हे दाखवणारे यंत्रही व्यापाऱ्याचेच. ते यंत्र कमी दाखवते, ही खणणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. मापातले पाप आपल्या शेतकऱ्यालाही कुठे नवीन आहे? म्हणून वजन किती, प्रत काय, भाव काय दिला, हे त्याच न पुसणाऱ्या वहीत चढले पाहिजे आणि त्याची पावती खणणाऱ्याच्या हातात पडली पाहिजे. आज ही वही माल घेणाऱ्याच्या शंका फेडते. विकणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

कोणी म्हणेल, आता कोबाल्टशिवायच्या बॅटऱ्याही निघाल्या आहेत, मग कशाला ही उठाठेव? निघाल्या आहेत, खरे आहे. पण युरोपीय संघाच्या 2023 च्या कायद्याने 2027 पासून विजेवरच्या मोटारींच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार आहे, म्हणजे अशा वह्या वाढणार. त्यांत रकाने कोणते असावेत, हे ठरवायला कंपन्या बसतात, सरकारे बसतात. त्या बैठकीत कोलवेझीच्या खणणाऱ्यांचा माणूस बसलाच पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे.

वेळ बराच झाला, अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले.