जनरेटरने शिकवलेला हिशेब

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला सांगण्यात आलं, "तुम्ही पहिल्या कार्यकारिणीतले, जुन्या आठवणी सांगा." आठवणी पुष्कळ आहेत. पण बँकेत हयात गेलेल्या माणसाला जमेपेक्षा नावे पडलेली रक्कम जास्त आठवते. म्हणून आज माझी एक चूक सांगतो.

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला झोडपून गेलं. माड पडले, विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद. त्यात करोनाची दुसरी लाट. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी नुकत्याच इस्पितळातून घरी आल्या होत्या आणि त्यांचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आपल्या जनरेटरवर चालत होता.

दुसऱ्या रात्री जिन्यातले दिवे एकदम लख्ख झाले, मग मंद, पुन्हा लख्ख. दोन बल्ब उडाले. आजींच्या मुलाने प्रसंगावधान राखून कॉन्सन्ट्रेटरचा प्लग काढला आणि सिलिंडर लावला. तो सिलिंडर पहाटेपर्यंत पुरेल एवढाच होता.

सगळे म्हणाले, रेग्युलेटर गेला. नवा आणायचा तर कुडाळ नाहीतर कणकवली गाठायची, आणि रस्त्यावर जागोजागी झाडं पडलेली. आपले दोन तरुण थोडं मोटारसायकलने, थोडं चालत जाऊन ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीला घेऊन आले. मी टॉर्च धरून उभा राहिलो.

त्याने आधी मेन स्विच पाडून इमारतीचा लोड तोडला. मग पॅनेलवर फ्रिक्वेन्सी पाहिली. आकडा ५० होता. आपलं इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरतं तेव्हा तेवढी मिळते. वेग वाढल्यामुळे व्होल्टेज चढलं असतं, तर हा आकडाही चढला असता. म्हणजे इंजिन ठीक. मल्टिमीटर मात्र २३० च्या जागी मध्येच २९० दाखवत होता.

मी घाईने म्हटलं, "रेग्युलेटरवर व्होल्टेजचा स्क्रू असतो ना? तो जरा मागे फिरव की!" तो हसला. इंजिन बंद करून, बॅटरीची तार सोडवून मगच त्याने आल्टरनेटरचा डबा उघडला.

रेग्युलेटर म्हणजे तळहाताएवढं कार्ड. दोन बारीक तारा त्याला व्होल्टेज किती आहे ते कळवतात. कमी कळलं की तो फील्डचा करंट वाढवतो, जास्त कळलं की कमी करतो. त्यातल्या एका तारेच्या टोकाला हिरवा गंज चढला होता आणि स्क्रू ढिला झाला होता. खारा वारा आणि इंजिनाची थरथर, दोघांनी मिळून ते केलं. तार सुटली की रेग्युलेटरला वाटायचं व्होल्टेज पडलं, मग तो आणखी करंट सोडायचा. तार टेकली की सावरायचा. म्हणून दिवे नाचत होते.

मिस्त्री म्हणाला, "काका, रेग्युलेटर खोटो नाय. तेका मिळता ती खबर खोटी."

त्याने तारेचं खराब टोक कापलं, नवीन लग दाबून बसवला, टर्मिनल पॉलिश पेपरने घासून स्क्रू आवळला. इंजिन सुरू केलं. २३०! मग एकदम सगळा लोड दिला नाही. आधी दिवे, मग पंप. पंप सुरू होताना काटा क्षणभर खाली गेला आणि लगेच सावरला. रेग्युलेटर शाबूत होता. काही वेळ आकडा स्थिर राहिला, तेव्हाच कॉन्सन्ट्रेटर पुन्हा लावला.

आता माझी चूक. आदल्या वर्षी जनरेटरच्या सर्व्हिसिंगचा खर्च मंजुरीला आला होता. मी खजिनदार. "चालू आहे ना, मग कशाला?" म्हणून मीच तो कापला. आधार काय? वहीत दर महिन्याला लिहिलेलं असे, "जनरेटर चालवला, ठीक." दहा मिनिटं, लोड न देता, मीटर न बघता! जन्मभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली, आणि घरच्या वहीवर डोळे मिटून सही केली. त्या रेग्युलेटरसारखंच माझंही झालं. खबर खोटी, म्हणून निर्णय खोटा.

म्हणून नव्या कार्यकारिणीला हात जोडून विनंती. महिन्यातून एकदा अर्धा तास लोड देऊन जनरेटर चालवा. वहीत "ठीक" लिहू नका, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचे आकडे लिहा. पावसाळ्यापूर्वी जाणकार माणसाकडून सगळी टर्मिनलं साफ करून आवळून घ्या. स्वतः डबा उघडू नका. आणि खजिनदार खर्च कापायला लागला तर त्याला ही गोष्ट सांगा.

त्या आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्या रात्रीबद्दल त्यांनी मला कधी एक शब्द विचारला नाही. आज सर्वांसमक्ष मी त्यांची माफी मागतो आणि माझे चार शब्द संपवतो.